डावीकडची जागा

११ एप्रिल, शनिवार

व्हिसा आला! चौघांचाही!

दातांच्या लॅबमध्ये काम करताना मेसेज वाचला आणि अशी किंचाळले की हातातली मेणातली कवळी थेट जमिनीवर. पुढचे दात टेबलाखाली, दाढा कपाटाखाली. लॅबवाले काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "आज कुणाचे दात घशात घातलेस?" सगळे गोळा केले, दोनदा धुतले, परत बसवले. ज्या आजोबांची ती कवळी आहे त्यांना जन्मात कळणार नाही की त्यांचे दात आनंदाने उड्या मारून आले आहेत.

मला खरी धास्ती भुंग्याची होती. पासपोर्टच्या फोटोत त्याचा एक डोळा अर्धा मिटलेला. वाटलं, तिकडचे अधिकारी म्हणणार, हा कोण लबाड! पण नाही, पास झाला.

वही नवी आहे, तर एकदा सगळं लिहूनच टाकते. भुंगा म्हणजे धाकटा, सात वर्षांचा. तोंड आणि पाय दोन्ही थांबत नाहीत म्हणून मी ठेवलेलं नाव. थोरली अकराची. तिला मी फक्त इथे, या पानावर बाईसाहेब म्हणते. तोंडावर म्हणायची हिंमत नाही. मुलं नवऱ्याची. त्यांची आई तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. तेव्हापासून दोघं तिच्या आईकडे राहतात. आमचं लग्न मागच्या वर्षी झालं. शनिवार-रविवार मुलं आमच्याकडे, बाकीचा आठवडा आजींकडे. भुंगा मला मावशी म्हणतो. बाईसाहेब मला काहीच म्हणत नाहीत. "तुम्ही" म्हणतात. किंवा भुंग्यामार्फत निरोप देतात. मी समोर बसलेली असते, आणि ती म्हणते, "विचार ना, मीठ आहे का."

आता ठरलंय ते असं. आजींचेच शब्द: "मी अडवणार नाही. पण ओढूनही नेऊ नका. पाच दिवस चोवीस तास एकत्र राहा, मग पोरांनाच विचारू कुठे राहायचं ते."

म्हणजे ही सहल नाही. परीक्षा आहे. आणि मला ती दोघं हवी आहेत. रोज. शाळेच्या डब्यासकट, तापासकट, भांडणासकट. इथे लिहायला काय लाजायचं!

१३ एप्रिल, सोमवार

मुलांच्या खोलीचा रंग वाळला. फिकट हिरवा. दुमजली पलंगही आला, चार जिने चढवताना हमालांनी आमचा उद्धार केला. शेजारचे म्हणाले, "नवरा गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करतो, आणि स्वतः राहतो बिनलिफ्टच्या इमारतीत!" नेहमीचाच विनोद. नवरा नेहमीसारखाच हसला.

१६ एप्रिल, गुरुवार

आजींकडे जाऊन आले. मुलांच्या बॅगा भरल्या होत्या, फक्त बघायच्या होत्या. आजी आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटर होत्या. अजून तसंच बोलतात. एक वाक्य, थांबा, दुसरं वाक्य. "धाकट्याचे कान विमानात दुखतात. गोळी चघळायला द्या." थांबा. "थोरलीचं उन्हाने डोकं चढतं. ती सांगणार नाही. तुम्हीच बघा." थांबा. "संध्याकाळी फोन करा. रोज."

मी "हो हो हो" करत होते, शाळेत नवीन आलेल्या मुलीसारखी. निघताना त्या बाईसाहेबांचे केस विंचरायला बसल्या. भिंतीवर मुलांच्या आईचा फोटो आहे. तेच कपाळ, तीच हनुवटी, किंचित पुढे आलेल्या वरच्या दातांची तीच ठेवण. बाईसाहेबांना दोनेक वर्षांत तार लावावी लागेल. हे माझं डोकं म्हणजे कठीण आहे! माणसं बघायच्या आधी जबडे बघते.

१८ एप्रिल, शनिवार

विमानात लिहितेय!! ढग खाली आहेत. भुंगा गोळी चघळतोय — खरं म्हणजे सगळ्या एकदम तोंडात कोंबल्यात. नवरा खिडकीतून पंखाकडे बघतोय आणि मला सांगतोय की ती हलणारी पट्टी कुठल्या तत्त्वावर चालते. बाईसाहेब पुस्तक वाचताहेत. जिथे जातोय तिथल्या जुन्या देवळांचं पुस्तक आहे, लायब्ररीतून स्वतः आणलंय. खांबांचे प्रकार तोंडपाठ आहेत तिला.

मी म्हटलं, "मलापण दाखव ना."

पुस्तक एक बोट माझ्याकडे सरकवलं. एकच बोट. पण सरकवलं!

(रात्री) हॉटेलची खोली केवढीशी. तीन पलंग आणि एक घडीचा. घडीच्या पलंगावर कोण झोपणार यावर महायुद्ध झालं, कारण दोघांनाही तोच हवा होता. आजींना फोन लावला. "पोचलात? जेवलात? बरं. ठेवते." नवरा म्हणाला, "अजून तीन मिनिटांच्या ट्रंक कॉलची सवय आहे." मुलं खदखदून हसली. मीही. चौघं एकदम एकाच गोष्टीवर हसलो!

१९ एप्रिल, रविवार, सकाळ

नाश्त्याला ब्रेड, अंडी, फळं. भुंग्याने ज्यूसचं मशीन शोधून काढलंय, आता तो तिथून हलत नाही. गाडी खाली उभी आहे. आज मोठं देऊळ! निघतो.

१९ एप्रिल, दुपारनंतर

आधी चांगलं लिहिते.

देऊळ! काय सांगू! गाडी वळली आणि टेकडीवर एकदम ते खांबच खांब दिसले. मला वाटलं होतं, फोटोत बघितलंय, आता काय नवीन. पण समोर उभं राहिल्यावर मान वर करून खांब मोजायलाच लागले. हजारो वर्षं हे असंच उन्हात उभं आहे! आमच्या गाइडबाई हिरवी छत्री उंच धरून पुढे चालतात, हरवू नये म्हणून. मुलांनी त्यांचं नाव छत्रीवाली ठेवलं. छत्रीवाली इंग्रजीत सांगते, नवरा मराठीत करतो, आणि मध्येमध्ये स्वतःचं घुसडतो. "एवढा दगड वर कसा नेला असेल माहितीये का? कप्पी! कप्पी आणि दोरखंड! म्हणजे पहिले लिफ्टवाले आम्हीच!" छत्रीवालीला कळेना हा एवढा का पेटलाय.

दारापाशी दगडी सिंह. तोंड उघडं. मी वाकून आत बघितलं आणि मला हसूच फुटलं. सुळे झकास, पण मागच्या दाढा चक्क माणसाच्या! कोरणाऱ्याने सिंहाचं तोंड बघितलंच नसणार, बायकोलाच म्हणाला असेल, आ कर. मी हे भुंग्याला सांगितलं. तो सिंहासमोर उभा राहून "आ कर, आ कर" ओरडायला लागला. आणि बाईसाहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी बघितला! शपथ!

मग घोळ झाला.

देवळासमोर पायऱ्यांवर नवरा फोटो काढत होता. बाईसाहेब मध्ये, तिच्या उजव्या हाताला भुंगा. आणि डाव्या हाताला एका माणसाएवढी जागा मोकळी. मुद्दाम ठेवलेली. तिने हात जरा लांब धरला होता, म्हणजे कुणाला तरी तिथे उभं राहता यावं. मला वाटलं — मला वाटलं, माझ्यासाठी! माझे पाय जमिनीवर राहिलेच नाहीत. बॅग टाकली आणि धावत जाऊन तिथे उभी राहिले. तिच्या खांद्यावर हातही ठेवला.

नवऱ्याने मोबाईल खाली घेतला. त्याचा चेहरा बघूनच काहीतरी चुकलंय ते कळलं.

बाईसाहेब पांढऱ्या पडल्या. हळूच माझा हात बाजूला केला. "मला नाही काढायचा फोटो," म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. भुंगा तिच्या मागे.

त्यानंतर तिने एक शब्द काढलेला नाही. मीठही मागितलं नाही.

मी काय केलं? नवरा म्हणतो, "ऊन लागलं असेल." ऊन! एवढं कळतं मला! मला तर काही सुचतच नाहीये. ज्या क्षणाला आकाश ठेंगणं झालं होतं, त्याच क्षणाला कुणी तोंडात मारल्यासारखं.

२० एप्रिल, सोमवार

कळलं.

सकाळी ज्यूसच्या मशीनपाशी मी आणि भुंगा दोघंच. त्याने दोन ग्लास मिसळून तिसऱ्याच रंगाचा ज्यूस केला आणि सहज म्हणाला, "मावशी, तू काल आईच्या जागेत उभी राहिलीस ना, म्हणून ताई चिडली."

"कुठली जागा?"

"ताईच्या डावीकडे आईची जागा असते. फोटोत. नेहमी." आणि वर मलाच समजावलं, "तुला माहीतच नव्हतं!"

नव्हतंच माहीत! खोलीत येऊन नवऱ्याचा मोबाईल घेतला आणि मागचे फोटो बघत गेले. शाळेचा पहिला दिवस, जागा. वाढदिवस, जागा. बागेतला हत्ती, नवऱ्याच्या लिफ्ट कंपनीचं गेट, आजींचा ओटा, प्रत्येक ठिकाणी तिच्या डावीकडे एक माणूस मावेल एवढी रिकामी जागा. आमच्या लग्नाचा फोटो उघडला. मी, हा, भुंगा, बाईसाहेब. आणि तिच्यापलीकडे मोकळं, मग फुलांची कुंडी. मला आठवलं, तेव्हा फोटोवाला म्हणत होता, "बाळा, आत सरक." ती सरकली नव्हती. मीसुद्धा हसत म्हणाले होते, "सरक गं." तीन वर्षं हे पोर आईला फोटोत धरून ठेवतंय, आणि मी त्यात बॅग फेकून उडी मारली!

मग माझा पारा चढला. नवऱ्याला बाल्कनीत ओढलं.

"तुला माहीत होतं?"

"हं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं... आपोआप बंद होईल."

"लिफ्ट बंद असली की बाहेर पाटी लावता ना तुम्ही? 'आत जाऊ नये' म्हणून? मग इथे का नाही लावलीस? मी सरळ खड्ड्यात पाय टाकला!"

तो बराच वेळ रेलिंगचे स्क्रू तपासत बसला. मग म्हणाला, "प्रत्येक फोटो मीच काढतो. मला रोज दिसते ती जागा. बोललो तर माझाच आवाज जाईल." आणि गेलाच आवाज. त्याला जवळ घेतलं. रेलिंगचा एक स्क्रू खरंच ढिला होता, तो त्याने नाण्याने घट्ट केला.

आज दुसरं देऊळ होतं, निम्मं पडलेलं. खांबांच्या मध्येमध्ये नवा पांढरा दगड बसवलाय, जुना पिवळट आणि हा पांढराफटक. मी न राहवून म्हणाले, "शी! शेड किती चुकलीय!" आमच्याकडे एका दाताची शेड एवढी चुकली तर पेशंट तो दात परत पाठवतो. नवऱ्याने ते भाषांतर करून टाकलं, गाढव. छत्रीवाली हसली. म्हणाली, चुकली नाही, मुद्दाम. जुनं तुटलं तिथे नवं बसवायचं, वजन दोघांनी मिळून पेलायचं. पण नव्याने जुन्याचं सोंग घ्यायचं नाही. बघणाऱ्याला कळलं पाहिजे, हे तेव्हाचं आणि हे आत्ताचं.

मी त्या खांबापाशी उभीच राहिले. नवरा पुढे गेला, छत्री पुढे गेली. मी वर्षभर शेड जुळवत बसले होते! तिच्या आईसारखी पोळी, तिच्या आईसारखी वेणी. आजींना विचारून विचारून. कुणी सांगितलं होतं?

बाईसाहेब मागेच रेंगाळत होती, पुस्तकातलं चित्र खांबाशी ताडून बघत. मी बोललेच.

"काल मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी तिथे गेले नसते."

ती पुस्तकाकडेच बघत होती. "माहितीये," म्हणाली. मग पान उलटत, "बाबांनी सांगायला पाहिजे होतं."

"हो ना! मीपण सकाळी झापलंय."

"खूप?"

"खूप."

"बरं केलंत."

दोघींनी एकदम पुढे बघितलं. नवरा छत्रीवालीला कप्पी समजावत होता, हातांनी दोर ओढून दाखवत. बाईसाहेबांना हसू आवरेना. मलाही. त्या बिचाऱ्याने लांबून आनंदाने हात हलवला.

२१ एप्रिल, मंगळवार

आजचा दिवस!! कुठून सुरू करू?

जुनं नाट्यगृह. उघडं, अर्धगोल, दगडी पायऱ्या थेट आभाळापर्यंत. छत्रीवाली म्हणाली, खाली मधोमध उभं राहून कुजबुजलं तरी शेवटच्या पायरीवर ऐकू येतं. नवरा लगेच म्हणाला, "शक्यच नाही, स्पीकर कुठेतरी लपवला असेल." दगडांमध्ये वायर शोधत फिरला. भुंगा मधोमध जाऊन जीव खाऊन "आजीऽऽ" ओरडला. जगभरचे लोक दचकले.

मी धापा टाकत पार वरपर्यंत चढले. खाली बघितलं तर बाईसाहेब एकटी मधल्या दगडावर. एवढीशी दिसत होती. ओरडली नाही. तोंड जेमतेम हललं. आणि तिचा आवाज माझ्या कानाशी आला, शेजारी बसल्यासारखा.

"ऐकू येतंय का?"

"येतंय!" मी वरून किंचाळले. "स्वच्छ येतंय!"

"ओरडू नका. हळू बोला."

"येतंय," मी हळू म्हटलं. खालून वर येतं, पण वरून खाली जातं की नाही देव जाणे.

मग म्हणाली, "माझं कालपासून डोकं दुखतंय. बाबांना नका सांगू, ते घाबरतात."

एवढ्या पायऱ्या मी वयात आल्यापासून इतक्या वेगाने उतरले नसेन. आजींनी सांगितलं होतं ना, ती सांगणार नाही म्हणून. सांगितलं! मला सांगितलं! सावलीत बसवलं, पाणी पाजलं, ओला रुमाल डोक्यावर ठेवला, माझी टोपी दिली. माझी टोपी म्हणजे वर प्लास्टिकचं सूर्यफूल असलेली भयंकर वस्तू. ती तिने मुकाट्याने घातली, यावरून दुखणं किती खरं होतं ते कळावं. तासाभराने बरी झाली. नवऱ्याला काही कळू दिलं नाही. त्याला वाटलं, आम्ही दोघी दमलो.

निघताना नवरा म्हणाला, "चला, इथला एक फोटो." मी मुकाट्याने त्याच्या शेजारी येऊन उभी राहिले. कॅमेऱ्यामागे. पुन्हा चूक नाही, डोळ्यांत तेल घालून उभी होते. बाईसाहेब मध्ये, उजवीकडे भुंगा, डावीकडे जागा. नवऱ्याने मोबाईल वर धरला.

ती हलेना.

"बाबा, थांबा. भुंग्या, तू पुढे खाली बस."

"का?"

"बस म्हटलं ना." तो बसला. मग तिने माझ्याकडे बघितलं. चिडल्यासारखीच, भुवया जवळ. "आईची जागा डावीकडे आहे. तू इकडे ये. उजवीकडे."

मी गेले. कशी गेले आठवत नाही. खांद्यावर हात ठेवायची छाती झाली नाही, हात दोन्ही खाली, सलाम ठोकायला उभ्या असलेल्या शिपायासारखी. नवऱ्याला फोटो काढता येईना. "हात हलतोय," म्हणाला. शेवटी छत्रीवालीने मोबाईल घेतला, आणि त्याला ढकललं आमच्यात. तो भुंग्याशेजारी मांडी घालून बसला.

फोटोत मी भीषण दिसतेय. डोळे सुजलेले, नाक लाल, केस उभे. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो आहे.

२२ एप्रिल, बुधवार

विमानतळावर. विमान उशिरा आहे.

मी खुशीत होते. मनातल्या मनात हिरव्या खोलीत पडदे लावत होते. वरचा पलंग भुंग्याचा, खालचा तिचा, खिडकीशी अभ्यासाचं टेबल.

बाईसाहेब कुणी न विचारताच म्हणाली, "बाबा, आम्ही आजीकडेच राहणार."

हातातला चहा तसाच राहिला.

"मी विचार केलाय," ती म्हणाली. "आजीला एकटीची सवय नाही. रात्री दार लावलंय का ते मी बघते. तिच्या गोळ्या मी देते. कुणाशी बोलणार ती? कुणाचा फोनपण येत नाही तिला. आपला सोडून."

भुंगा रडवेला झाला. "पण मला मावशीपण पाहिजे!"

"मलापण पाहिजे," ती त्याच्यावर खेकसली. "पण काय करायचं मग?"

मलापण पाहिजे. असं म्हणाली. स्वच्छ ऐकलं मी. आणि तरी नापास! मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं." तोंडाने म्हटलं. आत काय झालं ते लिहवत नाही. मग लगेच डोक्यात आलं, अरे, आजींनाच आणू ना आमच्याकडे! सोप्पं!

२५ एप्रिल, शनिवार

सोप्पं कसलं.

आजींकडे गेलो दोघं. मी तोंड भरून आमंत्रण दिलं. तुम्हीच या, तुमच्यासाठी वेगळी खोली करू, मी सगळं करीन. त्यांनी ऐकून घेतलं.

"नाही," म्हणाल्या. थांबा. "लेक होती तेव्हाही तिच्या घरी मुक्काम केला नाही कधी." थांबा. "आता कुणाच्या घरी येऊ?"

मग त्यांनीच विषय हलका केला, "आणि तुमचे ते चार जिने! गुडघे आहेत का माझे? लिफ्टवाला जावई आणि लिफ्ट नाही." हसलो सगळे. उठलो.

सांगायचं म्हणजे त्यांचं काही चुकलं नाही. बाईसाहेबांचं तर नाहीच नाही. अकरा वर्षांची पोर म्हातारीचं दार लावलंय का बघते, तिला मी काय म्हणू, ये माझ्या हिरव्या खोलीत? कुणाचंच चुकलं नाही, मग मी चिडू कुणावर? आज लॅबमध्ये प्लास्टरचा साचा एवढा जोरात आपटला की दोन तुकडे. काकांनी झाडू आणून दिला.

३ मे, रविवार

मुलं काल आली, आज गेली. दुमजली पलंगावर एक मोजा राहिलाय.

त्या पलंगावर बसून विचार करत होते. पोरांनी तिकडून इकडे यावं, आजींनी तिकडून इकडे यावं — सगळ्यांनी हलावं, फक्त मी सोडून! असं कोण म्हणालं?

नवऱ्याला सांगितलं. आधी हसला. मग मी हसत नाहीये असं बघून पाणी प्यायला गेला. परत येऊन म्हणाला, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक कवळी लावून बोलतात, कवळी मी करते." तो परत पाणी प्यायला गेला. उद्या आजींना फोन करते.

५ मे, मंगळवार

केला फोन. सगळं एका दमात बोलले.

"विचार करते," म्हणाल्या. "ठेवते."

१७ मे, रविवार

आजींचं "या" आलं, आणि आज चौथ्या मजल्याला कुलूप लावलं. नवरा, मी, चार बॅगा आणि माझी दात घासूनपुसून बसवायची हत्यारं — आजींकडे राहायला आलो. कायमचे! ज्या घरातून त्यांची लेक लग्न करून निघाली, त्या घराच्या दारात मी उभी. बेल वाजवली. आजींनी दार उघडलं. मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"माहेरी येताना बेल वाजवतात का गं?" म्हणाल्या, आणि माझ्या हातातली बॅग घेऊन आत गेल्या.